आक्का, तुमचं एरियल

आक्का, तुमच्या बाराव्याला आलेल्या पाहुण्यांनी तुमच्या एरियलवर, म्हणजे रेडिओच्या तारेवर, धोतरं वाळत घातली.

त्यांना तरी काय बोलणार? गच्चीवर ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत तार ताणलेली दिसली की माणूस कपडेच टाकणार. तिच्या दोन्ही टोकांना जुन्या स्लिपरचे तुकडे का बांधलेत आणि मधूनच एक बारीक वायर खिडकीतून घरात का उतरलीय, हे कोण बघत बसतंय? मी खाली चुलीपाशी होते. वर जाईपर्यंत ओल्या धोतरांनी आणि चादरींनी तार पार लोळवली होती. तुम्ही असतात तर त्या धोतरवाल्यांना वेशीपर्यंत पोचवून आला असतात. मी मुकाट्यानं कपडे गोळा केले, घड्या घातल्या आणि खाली आले. तुमच्यासाठी आलेली माणसं, त्यांच्याशी भांडायचं कसं?

मग पाहुणे गेले. पोरं आपापल्या नोकरीच्या गावी गेली. आता या घरात दोनच माणसं उरली. भिंतीच्या त्या बाजूला आबा, तुमचा नवरा आणि माझे थोरले दीर. ह्या बाजूला मी. आणि तुम्हाला तर ठाऊकच आहे, लग्न होऊन आल्यापासून मी आबांशी एक शब्द बोललेली नाही. भांडण कधी झालं नाही, रुसवा नाही. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, ही सासूबाईंनी घालून दिलेली रीत. सासूबाई गेल्या, रीत राहिली. माझी सून पुण्याहून व्हिडिओ कॉल लावायची आणि आबांशी खिदळत बोलायची, आबा तिला बेदाणा वाळवायच्या रॅक दाखवायचे. मी मात्र दाराआड. ही रीत आधी कोणी मोडायची हेच कधी ठरलं नाही.

सगळं बोलणं तुमच्यातून जायचं. आबांना काही सांगायचं असलं की ते तुमच्याकडे बघून म्हणायचे, "धाकटीला म्हणावं, हळदीच्या दुधात साखर नको." मी तुमच्याच शेजारी उभी असायची. मला ऐकू आलेलं असायचं. तरी तुम्ही वळून मला सांगायचात, "साखर नको म्हणत्यात." आणि मी तुम्हाला म्हणायची, "घातलीच नाही म्हणावं." तुम्ही परत वळायचात. कधीकधी तुम्हाला कंटाळा यायचा, मग दोघांकडे बघून नुसत्या "व्हय, व्हय" म्हणून निघून जायचात. आम्ही दोघं तसेच उभे, चोरी पकडल्यासारखे.

मी सांगलीची. माझे वडील हळदीच्या पेठेत वखारीवर कामाला होते. घरात दिवसभर रेडिओ असायचा, पण रेडिओला तार लागते हे मला इथं येऊन कळलं. तुमचं माहेर आटपाडीकडचं, मेंढरांमागं फिरणारं. तुम्हीच सांगितलेलं, तुमचे वडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे तेव्हा ट्रान्झिस्टर गळ्यात असायचा. मेंढरं बसली की तारेच्या टोकाला दगड बांधून ते तार बाभळीवर भिरकवायचे, दुसरं टोक रेडिओच्या काडीला गुंडाळायचे, आणि माळावर गाणं लागायचं. तुम्ही लहान होतात. दगड बरोबर फांदीच्या पलीकडं गेला पाहिजे, फांदीत अडकला तर मार. "म्हणून माजा नेम चांगला हाय," असं म्हणून तुम्ही एकदा गच्चीवरून माकडाला मातीचा भेंडा मारला होतात. तो भेंडा आबांच्या डोक्यावर बसला, ते सोडा.

घरात टीव्ही आला त्या उन्हाळ्यातलं वादळ आठवतं? दुकानातून आणलेला अँटेना वाऱ्यानं पन्हळीसकट खाली आणला. आबा म्हणाले, तासगावला जाऊन दुसरा आणू. तुम्ही म्हणालात, कशाला? मग द्राक्षाच्या मांडवाची उरलेली तार, एक लाकडी पट्टी, मोडक्या छत्रीच्या काड्या आणि चपटी दुपदरी वायर घेऊन तुम्ही पडवीत बसलात. मी म्हणाले, आक्का, हे काय चाललंय? तुम्ही म्हणालात, "गप बस आन् ही काडी धर." काडी किती लांब ठेवायची ते तुम्ही वितीनं मोजत होतात. माप कोणी सांगितलं विचारलं तर म्हणे, पडलेल्या अँटेन्याची काडी वितीनं मोजून ठेवली होती. मेल्याची मापं घेऊन ठेवावीत तशी.

तो अँटेना उभा राहिला, आणि आमची तिघांची जागा ठरली. तुम्ही गच्चीवर खांब फिरवायला. आबा टीव्हीसमोर. मी मधे पडवीत, दोघांना जोडायला, पाठ टीव्हीकडे. तुम्ही वरून ओरडायचात, "आलं का गं?" मी काही बोलायची नाही, कारण बघत आबा होते. आबा भिंतीकडे बघून म्हणायचे, "मुंग्या दिसत्यात म्हणावं." मी वर ओरडायची, "मुंग्या दिसत्यात म्हणत्यात!" तुम्ही खांब अजून फिरवायचात. गल्लीतली पोरं आमची ही तीन मजली बातमी ऐकायला गोळा व्हायची.

आणि तो रविवार. संध्याकाळचा पिक्चर होता. आमचे हे असले म्हणजे आबांच्या नि माझ्या मधे बोलून निभावून न्यायचे, पण ते त्या दिवशी बागेची औषधं आणायला सांगलीला गेले होते. तुम्ही खांब फिरवलात आणि चित्र असं लखलखीत आलं की आबांचं भान हरपलं. "आलं म्हणावं" एवढं म्हणायचं ते विसरले. मला आवाज ऐकू येत होता, पण चित्राचं काय हे कसं कळणार? वळून बघायचं तर समोर आबा. विचारायचं तर रीत. तुम्ही वरून विचारलंत, मी गप्प. परत विचारलंत, मी गप्प. तुम्हाला वाटलं अजून जमलं नाही, आणि हललं तर बिघडेल म्हणून तुम्ही खांब धरून तशाच उभ्या राहिलात. पिक्चर मध्यावर आला, जाहिराती लागल्या, आबा पाणी प्यायला उठले, त्यांना मी अजून पडवीत उभी दिसले, तेव्हा सगळा प्रकार उघडकीस आला.

तुम्ही खाली आलात तेव्हा तुमचा हात वळत नव्हता. तुम्ही आधी आबांकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "तुमच्या दोघांच्या मर्यादेपायी मी वर झेंड्यागत हुबी! येकाला दिसतंय त्यो बोलंना, येक बोलती तिला दिसंना. कसलं घर म्हणायचं हे?" आबा हसले. मी पदरात तोंड घालून हसले. त्या दिवशी आम्ही दोघं एकाच गोष्टीवर, एकाच वेळी हसलो होतो, आणि तुम्ही दोघांवर चिडला होतात. मला तो दिवस फार आवडतो, आक्का. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

मांडवाची गंमत तर तुमच्याच डोक्यात येऊ शकत होती. द्राक्षाच्या घडातले जादा मणी काढायचे, विरळणीचे दिवस होते, बायका ओळीनं घड विरळायला लागलेल्या, आणि तुमचा ट्रान्झिस्टर नुसता कुरकुरत होता. तुम्ही वायरचं टोक सोललंत आणि मांडवाच्या तारेला चिमट्यानं लावलंत. आपले खांब दगडी, तार जमिनीला कुठं टेकत नव्हती, आणि एकरभर पसरलेली तार सगळी तुमच्या रेडिओची झाली. कानडी गाणं लागलं, मग सांगली लागली, मग कुठलं तरी समुद्रापलीकडचं स्टेशन. बायका कात्री थांबवून ऐकत राहिल्या. कोणी तारेला हात लावला की आवाज बसायचा. तुम्ही ओरडायचात, "हात काढा गं तारंवरनं, बाई गातीया तिथं!" त्या दिवशी विरळणी निम्मीसुद्धा झाली नाही. आबा संध्याकाळी बघायला आले, आणि तुमच्याकडे बघून म्हणाले, "धाकटीला म्हणावं, उद्या रेडिओ घरी ठेव." जसा काही रेडिओ मी आणला होता!

मग टीव्हीला डिशची छत्री आली, हातात मोबाईल आला. तुमचा तो अँटेना उतरला आणि त्याच्या काड्यांवर तुम्ही दोडक्याचा वेल चढवलात. पण आबांचा जुना रेडिओ राहिला. सकाळच्या बातम्या, भक्तिगीतं, बेदाण्याच्या दिवसांत हवामान. बेदाणा रॅकवर असताना आभाळ भरलं की आबांना मोबाईलवरचा ढग पटायचा नाही, रेडिओतल्या माणसानं सांगितलं पाहिजे. त्या सेटला तारेशिवाय नुसती खरखर, म्हणून गच्चीवरची ही लांब तार. आणि घरात नवे दिवे आले, चार्जर आले, तशी तुमची एक वेगळीच लढाई सुरू झाली. दिवाळीत नातू आला आणि त्यानं चार्जर लावला की रेडिओत मधमाश्या. तुम्ही घरभर फिरून बटणं बंद करायचात. "ह्यो दिवाबी मधी मधी बोलतोय," म्हणत एकदा देवघरातला दिवा काढलात. नातू म्हणाला, आजी, अॅपवर लाव ना. तुम्ही त्याला म्हणालात, "त्यात कुणी धाडल्यालं येतं. ह्यात हवेत हाय ते येतं." पोराला कळलं नाही. मलाही धड कळलं नव्हतं, पण मी मान हलवली.

आमचे हे गेले त्या वर्षीची गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितलेली नाही. माझ्या खोलीत मी दिवसच्या दिवस पडून असायची. तुम्ही येऊन बसायचात, केस विंचरायचात, जायचात. मग एक दिवस भिंतीवर ठोकाठोक ऐकू आली. तुम्ही दोन्ही स्वयंपाकघरांमधला बुजवलेला झरोका उघडलात, आणि आबांचा रेडिओ उचलून त्या झरोक्यात ठेवलात. आबांना म्हणालात, तिकडं तार जवळ पडती. खोटं बोललात, आक्का. तार उलट लांब पडत होती, वायरला गाठ मारावी लागली, ती गाठ अजून आहे. दुसऱ्या दिवशीपासून सकाळी माझ्या खोलीत आवाज यायला लागला. बातम्या सांगणाऱ्या त्या परक्या बाईमुळे मी उठून चहा टाकायला लागले. तुम्ही एका अक्षरानं कधी त्याचा विषय काढला नाहीत. मीही काढला नाही. आता काढते. त्या झरोक्यानं मला जगवलं.

आपलं भांडण राहिलंच. हिवाळ्यात तुम्ही गच्चीवर तार बांधत होतात, आणि गाठ मारता मारता दम लागला म्हणून कठड्यावर टेकलात. मी शेजारी उभी.

"नंदे, आता तू चढत जा."

"चढीन की."

"आन् आबास्नी इचारत जा, लागलं का म्हणून."

"ते तुम्ही विचारायचं. मी तार ओढीन."

"आन् मी नसले तर?"

"तर रेडिओ बंद."

तुम्ही रागावलात. "दोन म्हातारी माणसं एका घरात आन् मुक्यागत. मला मधी घालून तुमचं समदं आयुष्य गेलं. लोक हसत्याल." मी म्हणाले, लोकांचं काय, मी तुमच्या आधी जाते, मग बघा तुम्ही दोघं काय करायचं ते. तुम्ही म्हणालात, "बघूया." आणि वायरचा तुकडा माझ्या अंगावर टाकून खाली गेलात. तेवढ्यावरच ते थांबलं. पुढं दवाखाना, सांगलीच्या फेऱ्या, तुमचा खालावत गेलेला आवाज. भांडायला सवड मिळाली नाही.

आणि आता बघा काय झालंय. मी ताट वाढते, झरोक्याच्या खालच्या फळीवर ठेवते, वाटी वाजवते आणि मागं फिरते. आबा ताट उचलतात. ताट परत येतं तेव्हा भाकरी मोडलेली असते, खाल्लेली नसते. आमटीला साय धरलेली. कमी तिखट हवंय का, दात दुखतोय का, अन्न जात नाही का, काही कळायला मार्ग नाही. "म्हणावं" म्हणायला त्यांना कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. आबांचा आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. पोरांचे फोन आले तर हं, हं. शेजारचे लोक येऊन बसतात आणि उठून जातात. त्यांचे गाल बसलेत, आक्का. सदरा खांद्यावरून घसरतोय. मला भीती वाटायला लागली, की हा माणूसही असाच काही न बोलता निघून जाईल, आणि मी दाराआड उभीच राहीन.

सकाळी मात्र सवयीनं रेडिओ लावायचे. तार खाली पडलेली, त्यामुळे नुसती खरखर. बदलायचे नाहीत, बंद करायचे नाहीत. त्या खरखरीसमोर बसून राहायचे. झरोक्यातून ती माझ्याकडे यायची, चहापासून दुपारच्या भाकरीपर्यंत. आज सकाळी ती ऐकता ऐकता माझ्या हातून उलथनं फेकलं गेलं. पहिला राग तुमच्यावर. मग आबांवर. मग त्या धोतरवाल्यांवर. मी चूल बारीक केली आणि शिडी लावली.

तार उचलली, स्लिपरचे तुकडे पुसले, तुम्ही बांधायचात तशी गाठ मारून बघितली. माझी गाठ सुटते. दोनदा सुटली. शेवटी शिंकाळ्याला मारतात तसली साधी गाठ मारली. मग खाली उतरले, झरोक्याला कान लावला. खरखरीच्या मागं कोणीतरी बोलत होतं, पण पुसट. परत चढले, तार कठड्यापासून वर उचलली, काठीला अडकवली. परत उतरले, कान लावला. परत चढले. तुम्ही हसत असाल, की विचारायला नको म्हणून ही बाई गुडघे झिजवतेय. शेवटी वर गेले आणि गुडघ्यानं सांगून टाकलं, आता उतरणं नाही. ऊन चढलं होतं. हातात तार, खाली तो माणूस, आणि मधे पडवी रिकामी.

त्यांना हाक काय मारायची हेही मला माहीत नव्हतं. आयुष्यात कधी मारलीच नाही. मग पोरं म्हणतात तेच तोंडातून गेलं.

"आवं आबा, लागलं का?"

खाली नुसती खरखर. मला वाटलं, झालं, आपण चुकलो, म्हातारा आता ताटही घ्यायचा नाही. मी तार सोडणार तोच पायऱ्यांवर चपला वाजल्या. आबा अंगणात आले. उन्हाला हात आडवा धरून वर बघितलं.

"लागतंय. पर फाटतंय. वाईच लिंबाच्या अंगाला घे."

मी तार कडुलिंबाकडे सरकवली. "हितं?"

"आजून."

"आता?"

ते आत गेले. मी तार धरून उभी. आतून गाण्याचा तुकडा आला, मग अख्खं गाणं आलं, अंगणापर्यंत. ते परत बाहेर आले. डोळे पुसले असावेत, मी नीट बघितलं नाही, तुम्ही असतात तर बघून मला सांगितलं असतंत.

"बास," ते म्हणाले. "बांध तितंच." आणि जरा थांबून, "जपून उतर, नंदा."

आक्का, त्यांना माझं नाव माहीत होतं. मी या घरात धाकटी म्हणून आले, धाकटी म्हणूनच जाणार असं धरून चालले होते. त्या एका नावानं मी तिथंच कठड्यावर बसले आणि तुमच्यासाठी रडले. बाराव्यापर्यंत माणसांच्या गराड्यात जे आलं नव्हतं ते सगळं आलं. खाली आबा शिडी धरून उभे राहिले. उतर लवकर, असं म्हणाले नाहीत.

उतरताना दोन्ही हात शिडीला, त्यामुळे पदर सावरता आला नाही. तसंच त्यांच्यासमोर उभं राहावं लागलं. त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" मी म्हणाले, न्हाई. ते म्हणाले, "मग हिकडंच आण ताट. आन् आमटीत मीठ लय टाकतीस तू." इतके दिवस भाकरी का परत येत होती ते तेव्हा कळलं. मी म्हणाले, मीठ आक्कांच्या हाताचं आहे, त्यांनीच शिकवलंय. त्यावर आबा म्हणाले, "ती बी लय टाकायची. तिला कवा बोललो न्हाई."

आम्ही जेवलो. रेडिओ चालू होता. त्यांनी भाकरी पूर्ण खाल्ली आणि अर्धी अजून मागून घेतली. भांडी घासताना मला एकदम हसू आलं आणि मी ओले हात घेऊन लगबगीनं तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आम्ही दोघं बोललो, हे तुम्हाला सांगायला. बोललो, आक्का. पण तुम्हाला हे आता कोणाकरवी कळवू?